लॅटिनचा वर्ग प्रत्येक पब्लिक हायस्कुलात हवा : अमेरिकेतील मराठी पालकांना आणि मंडळांना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेतील मराठी मंडळांचे पदाधिकारी, मराठी शाळांचे शिक्षक आणि स्वयंसेवक, तसेच मिडल स्कूल व हायस्कुलात मुले असलेले सर्व मराठी पालक यांस,

सप्रेम नमस्कार.

हिवाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की आठवीतल्या मुलांच्या हाती पुढच्या वर्षीच्या विषयांची यादी येते, आणि भाषेच्या रकान्यात काय भरायचे याचा निर्णय बहुतेक घरांत रात्रीच्या जेवणाआधीच होऊन जातो. त्या यादीत लॅटिन असेल तर ते टिकावे आणि नसेल तर ते यावे, यासाठी आपण सर्वांनी मिळून प्रयत्न करावेत, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी न्यू जर्सीत राहते, रविवारी मराठी शाळेत शिकवते आणि माझ्या मुलीने पब्लिक, म्हणजे सरकारी मोफत, हायस्कुलात शेवटच्या वर्षापर्यंत लॅटिन शिकले आहे. हे पत्र मराठीत लिहिण्याचे कारण असे की, ज्या स्कूल डिस्ट्रिक्टांत (पब्लिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागांत) आपली वस्ती मोठी आहे तिथे कोणता वर्ग भरतो आणि कोणता बंद पडतो, हे ठरण्यात आपल्या मुलांच्या निवडीचा वाटा आता लहान राहिलेला नाही, आणि त्या निवडीआधी घरात जे बोलणे होते ते पुष्कळदा मराठीतच होते.

लॅटिनचा वर्ग बंद होतो तेव्हा त्याचा ठराव सहसा कोणी मांडत नाही, म्हणून तो बंद कसा होतो हे आधी सांगितले पाहिजे. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये जे घडले ते इतर अनेक ठिकाणी याच क्रमाने घडते. पहिल्या वर्षाच्या लॅटिनसाठी ठरलेल्या किमान संख्येपेक्षा चार-पाच मुले कमी येतात. मग पहिल्या वर्षाचा वर्ग ‘या वर्षापुरता’ रद्द होतो आणि नाव नोंदवलेल्या मुलांना स्पॅनिशमध्ये किंवा फ्रेंचमध्ये बसवले जाते. पुढच्या वर्षी त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मुलेच उरत नाहीत. तिसरे, चौथे आणि एपी (कॉलेजच्या पातळीचा अभ्यासक्रम) यांची मुले एकाच तासाला एकाच खोलीत बसवली जातात आणि शिक्षिका एकाच वेळी तीन पाठ घेत राहतात. त्यांच्या वेळापत्रकातले रिकामे तास भरण्यासाठी त्यांना दुसऱ्या शाळेत पाठवले जाते किंवा त्यांची नोकरी अर्धवेळ होते. त्या निवृत्त होतात किंवा सोडून जातात, तेव्हा लॅटिनचे प्रमाणपत्र असलेला शिक्षक मिळणे कठीण आहे असे कारण देऊन ती जागा भरली जात नाही. हे सारे तीन-चार वर्षांत उरकते, आणि या काळात बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या सभेत लॅटिनवर एकदाही मतदान होत नाही. अंदाजपत्रकात एका शिक्षकाचे पद कमी झालेले दिसते, इतकेच.

पहिल्या वर्षी कमी पडलेली ती चार-पाच मुले कोणाची होती, हा प्रश्न मला टोचतो. आमच्याकडे त्यांत आपली मुले होती, हे मला त्यांच्या आयांशी झालेल्या बोलण्यातून ठाऊक आहे. मुलाला लॅटिन घ्यायचे होते आणि ‘मेलेली भाषा शिकून काय करणार’ असे म्हणून घरच्यांनी खोडले, असे मी एकापेक्षा अधिक घरांत ऐकले. त्यांचा हेतू चांगलाच होता. परंतु आपण आपल्या मुलापुरता घेतलेला निर्णय पुढच्या दहा वर्षांतल्या मुलांचाही पर्याय काढून घेतो, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात येत नाही.

या देशात लॅटिनची अवस्था नेहमीच अशी नव्हती. १९०० च्या सुमारास अमेरिकेतील पब्लिक हायस्कुलांत शिकणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी मुले लॅटिन शिकत होती. त्या काळी हायस्कुलापर्यंत पोहोचणारी मुलेच थोडी होती, हे खरे आहे. तरीही जो हायस्कुलात आला त्याला लॅटिन मिळत होते. १९५७ साली रशियाने स्पुटनिक हा उपग्रह सोडल्यावर पुढच्याच वर्षी शिक्षणासाठी जो मोठा संघीय कायदा झाला, त्याने आधुनिक भाषांना भरघोस पैसा दिला आणि लॅटिनला वगळले. १९६२ मध्ये पब्लिक हायस्कुलांत लॅटिन शिकणारी सुमारे सात लाख मुले होती. १९७६ मध्ये ती दीड लाखावर आली. २०१४-१५ या शालेय वर्षाच्या राष्ट्रीय पाहणीत बालवाडीपासून बारावीपर्यंत कोणतीही परकी भाषा शिकणारी सुमारे एक कोटी सहा लाख मुले मोजली गेली. त्यांत स्पॅनिश शिकणारी त्र्याहत्तर लाखांच्या वर होती आणि लॅटिन शिकणारी दोन लाख दहा हजारांच्या आसपास, म्हणजे शंभरांत दोन.

मला चिंता वाटते ती या संख्येपेक्षा ही दोन मुले कुठे बसलेली आहेत याची. भरपूर फी घेणाऱ्या खासगी शाळांत लॅटिन सहसा अजून टिकून आहे. पब्लिक शाळांत ते जिथे दिमाखाने चालते, त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी दाराशीच गाळणी लावलेली असते. बॉस्टन लॅटिन स्कूल १६३५ साली स्थापन झाले. ही अमेरिकेतील सर्वांत जुनी पब्लिक शाळा, आणि तिथे लॅटिन आजही सक्तीचे आहे, मात्र तिथे प्रवेश निवडीतून मिळतो. २००६ साली सुरू झालेल्या ब्रुकलिन लॅटिन स्कूलमध्ये प्रत्येक मूल चारही वर्षे लॅटिन शिकते, पण आत जाण्यासाठी न्यूयॉर्क शहराची विशेष शाळांची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये सुरू झालेली लॅटिन चार्टर शाळा (सरकारी पैशावर पण स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणारी) परीक्षेशिवाय सोडतीने मुले घेते आणि सर्वांना लॅटिन शिकवते. माझ्या मते यांतला अनुकरणीय नमुना हा तिसरा आहे. तथापि सोडतीत नाव न लागलेल्या मुलाचे काय, हा प्रश्न तिथेही उरतोच. त्याच्या घराजवळच्या साध्या हायस्कुलात लॅटिनचा एक वर्ग असणे हेच त्याचे उत्तर आहे.

अभिजात भाषा कोणाला शिकू द्यायची यावरून या देशात पूर्वी मोठा झगडा झालेला आहे आणि तो आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. ॲना ज्युलिया कूपर यांचा जन्म १८५८ साली नॉर्थ कॅरोलायनातील रॅले येथे गुलामगिरीत झाला. त्या ओबर्लिन कॉलेजातून पदवीधर झाल्या, वॉशिंग्टनला आल्या आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी असलेल्या एम स्ट्रीट हायस्कूल या पब्लिक शाळेत शिकवू लागल्या. १९०२ मध्ये त्या तिथे मुख्याध्यापिका झाल्या. कृष्णवर्णीय मुलांना हातकाम आणि धंदेशिक्षण पुरे, लॅटिनसारख्या विषयांची त्यांना गरज काय, असा विचार त्या काळी जोरात होता. कूपर यांनी आपल्या शाळेतला अभिजात अभ्यासक्रम सोडला नाही, आणि त्यांचे विद्यार्थी हार्वर्डसारख्या विद्यापीठांत प्रवेश मिळवू लागले. १९०६ मध्ये त्यांना मुख्याध्यापिकेचे पद गमवावे लागले. काही वर्षांनी, १९१० मध्ये, त्या त्याच शाळेत परत आल्या, लॅटिनच्या शिक्षिका म्हणून. आणि पुढे १९२५ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांनी पॅरिसच्या सोरबॉन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

हे वाचताना मराठी माणसाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आठवण न येणे शक्य नाही. शाळेत असताना त्यांना आणि त्यांच्या थोरल्या भावाला संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून त्यांना ते शिकवले गेले नाही आणि दोघांनाही नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले ते फारसी घेऊन. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या जिद्दीने मिळवले आणि जुन्या ग्रंथांची जी चिकित्सा केली, ती त्या भाषेत शिरल्याशिवाय करता आली नसती. ज्यांच्यावर एखाद्या परंपरेने अन्याय केला त्यांनाच ती परंपरा मुळातून वाचण्याची सर्वांत जास्त गरज असते. रोमन साम्राज्याने गुलाम राखले, देश जिंकले, आणि युरोपातल्या राज्यकर्त्यांनी पुढे स्वतःला त्याचे वारस म्हणवून घेतले. म्हणून लॅटिन ही सत्ताधाऱ्यांची भाषा आहे आणि ती मागे पडली तर बरेच झाले, असे म्हणणारे विचारी लोक मला भेटले आहेत. त्यांना माझे सांगणे असे की, वर्ग बंद केल्याने ती भाषा नाहीशी होत नाही. ती खासगी शाळांत चालूच राहते. नाहीशी होते ती आपल्या शेजारच्या मुलाची वाट.

आता या वर्गात मूल नेमके काय करते ते पाहू. पहिल्या काही आठवड्यांत मुलांपुढे ‘कानिस विरुम मोर्देत’ असे एक वाक्य येते. कानिस म्हणजे कुत्रा, विरुम म्हणजे माणसाला, मोर्देत म्हणजे चावतो. शिक्षिका फळ्यावर पहिल्या दोन शब्दांची अदलाबदल करतात आणि विचारतात, आता कोण कोणाला चावले? इंग्रजीवर वाढलेली मुले पटकन म्हणतात, माणूस कुत्र्याला चावला, कारण इंग्रजीत जो आधी येतो तो कर्ता. उत्तर मात्र तेच राहते, कारण ‘विरुम’चे शेपूट बदललेले नाही. माणसाने कुत्र्याला चावायचे असेल तर ‘विर कानेम मोर्देत’ म्हणावे लागते. ज्याच्या कानावर घरात ‘माणसाला कुत्रा चावला’ आणि ‘कुत्रा माणसाला चावला’ ही दोन्ही वाक्ये पडलेली आहेत, त्या मराठी मुलाला हे एका क्षणात कळते. आपल्यापैकी अनेकांनी दहावीला संस्कृत घेतले ते गुण मिळतात म्हणून. तरी ‘रामः रामौ रामाः’ घोकताना शब्दाच्या शेवटाकडे बघण्याची जी सवय लागली, ती आज करार वाचताना किंवा दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम तपासताना उपयोगी पडते, हे आपण आपापल्या अनुभवावरून पडताळून पाहावे. पितृ आणि पातेर, मातृ आणि मातेर, सप्त आणि सेप्तेम, अग्नि आणि इग्निस ही जवळीक दिसली की मुलांना जो आनंद होतो तो वेगळाच. माझ्या मुलीने आजोबांची संस्कृतची जुनी वही मागून घेतली ती लॅटिनच्या दुसऱ्या वर्षी. त्याआधी तिने त्या कपाटाकडे पाहिलेही नव्हते.

पुढे एपीच्या वर्गात मुले खरे लेखक वाचतात. २०२५-२६ पासून त्या अभ्यासक्रमात रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्याबरोबर रोमन लेखक धाकट्या प्लिनीची पत्रे आली आहेत. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा हा प्लिनी सतरा वर्षांचा होता, म्हणजे वर्गात बसलेल्या मुलांच्याच वयाचा. आरमाराचा प्रमुख असलेल्या त्याच्या मामाने त्याला बरोबर येतोस का असे विचारले, आणि त्याने अभ्यास करायचा आहे म्हणून नकार दिला. मामा लोकांना सोडवायला गेला तो परत आला नाही. पाइनच्या झाडासारखा वर जाऊन फांद्या पसरणारा तो ढग, राखेच्या अंधारात एकमेकांना आवाजावरून ओळखणारी माणसे, मला सोडून तू पळ असे विनवणारी आई आणि तिचा हात धरून तिला चालवणारा मुलगा, हे सारे प्लिनीने पुढे कित्येक वर्षांनी इतिहासकार टॅसिटसला पत्रांतून लिहून कळवले. त्या मजकुराचे भाषांतर इंटरनेटवर सहज मिळते. तरी स्वतः शब्द जुळवत, क्रियापद शोधत, वाक्याच्या शेवटी पोहोचून ‘हात धरला’ हे आपल्याला कळणे, यासाठी जी एकाग्रता लागते ती आज शाळेतल्या दुसऱ्या कोणत्या तासात मिळते, हे मला सांगावे. आणि त्याच राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या मूर्ती आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळाल्या आहेत. प्लिनीच्या ज्या मामाचा उल्लेख वर केला, त्याने आपल्या ग्रंथात तक्रार केली आहे की भारताच्या व्यापारापायी साम्राज्यातून दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) बाहेर जातात. तो पैसा ज्या बंदरांत उतरत होता त्यांत आपल्या कोकणातलीही होती.

लॅटिनचा आपल्या भागाशी संबंध इतका जुनाच आहे असेही नाही. केरळातील वनस्पतींवरचा ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला तो लॅटिनमध्ये. इट्टी अच्युतन या वैद्यांबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट या तीन कोंकणी वैद्यांनी त्याची माहिती पुरवली, आणि पहिल्या खंडात त्यांचे कोंकणी भाषेतले प्रशस्तिपत्र नागरी अक्षरांत छापलेले आहे. आपल्या वैद्यांचे ज्ञान लॅटिनमध्ये गेले आणि इंग्रजी वाचणाऱ्याला ते पुरते उपलब्ध व्हायला २००३ साल उजाडावे लागले, जेव्हा केरळचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी अनेक दशके खपून केलेले भाषांतर प्रसिद्ध झाले. न्यूटनचा गतीच्या नियमांचा ग्रंथ, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसने दिलेली वनस्पतींची नावे, पोर्तुगीज काळातील चर्चची कागदपत्रे, हे सर्व उघडण्याची किल्ली पुढच्या पिढीत काही थोड्या मुलांच्या हातात तरी असावी, आणि ती मुले केवळ श्रीमंतांची नसावीत.

लॅटिनच्या बाजूने जे फायदे सांगितले जातात ते सर्वच मी तुमच्यापुढे ठेवणार नाही. लॅटिन घेतलेल्या मुलांचे एसएटी या कॉलेज प्रवेश परीक्षेतले सरासरी गुण जास्त असतात, असे वारंवार ऐकू येते. परंतु जी मुले लॅटिन निवडतात ती बहुधा आधीपासूनच वाचनात पुढे असतात, त्यामुळे त्या गुणांचे श्रेय लॅटिनला द्यायचे की मुलांना, हे त्यावरून सांगता येत नाही. त्यापेक्षा मला फिलाडेल्फियाच्या पब्लिक शाळांतला प्रयोग महत्त्वाचा वाटतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथे प्राथमिकच्या वरच्या इयत्तांतील मुलांना, ज्यांत गरीब वस्त्यांतली आणि कृष्णवर्णीय मुले मोठ्या संख्येने होती, रोज पंधरा-वीस मिनिटे लॅटिन शिकवले जाऊ लागले. ती मुले निवडून काढलेली हुशार मुले नव्हती, आणि लॅटिन न शिकलेल्या मुलांच्या तुलनेत त्यांच्या इंग्रजी शब्दसंग्रहात स्पष्ट वाढ दिसली. इंग्रजीतील अवघड शब्दांपैकी फार मोठा भाग लॅटिनमधून आलेला आहे, तेव्हा यात नवल नाही. आपली मुले स्पेलिंग बीच्या तयारीसाठी लॅटिन धातूंच्या याद्या पाठ करतातच. त्या याद्यांमागची भाषा शाळेत फुकट शिकायला मिळत असताना ती नाकारणे मला समजत नाही.

आणखी एक गोष्ट अशी की लॅटिनच्या पहिल्या दिवशी वर्गातले कोणीच पुढे नसते. कोणाच्या घरी लॅटिन बोलत नाहीत, कोणाची आजी लॅटिनमध्ये गोष्टी सांगत नाही, आणि तासाला उच्चारांवरून कोणाला हसे सहन करावे लागत नाही. सहा महिन्यांपूर्वी ग्वातेमालाहून आलेली मुलगी, पुण्याहून एच-फोर (नोकरीवर आलेल्यांच्या कुटुंबीयांच्या) व्हिसावर आलेला मुलगा आणि इथेच जन्मलेले मूल एकाच ओळीवर उभे राहतात. स्पॅनिश घरात वाढलेल्या मुलांना तर लॅटिन विशेष सोपे जाते, आणि तरीही हा विषय आपल्यासाठी नाही असे त्यांना गृहीत धरायला लावले जाते. शाळेतले काउन्सेलर (विषयनिवडीचे मार्गदर्शक) लॅटिन कोणाला सुचवतात आणि कोणाला सुचवत नाहीत, याची विचारणा झाली पाहिजे.

आता आपल्या घरांतल्या शंकांकडे वळते. स्पॅनिश उपयोगाची आहे, यात वाद नाही. रुग्णालयात, न्यायालयात आणि दुकानात ती रोज लागते, आणि ज्याला ती मनापासून शिकायची आहे त्याने तीच घ्यावी. परंतु दोन वर्षे नाइलाजाने काढून जिचे एक वाक्य बोलता येत नाही, अशी स्पॅनिश आपल्या किती मुलांनी शिकली आहे, हेही प्रामाणिकपणे पाहावे. कॉलेज प्रवेशात लॅटिन चालत नाही, अशी एक समजूत मी वारंवार ऐकते. ती चुकीची आहे. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करण्यासाठी भाषेची जी पाच क्रेडिट लागतात ती लॅटिनने पुरी होतात. वर्षाला सहा विषयांत कॉम्प्युटर सायन्ससाठी जागा उरत नाही, ही अडचण मात्र खरी आहे, आणि तिच्यावरचा उपाय आपल्याच हातात आहे.

तो उपाय म्हणजे मराठी. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (इथल्या मराठी मंडळांच्या शिखर संस्थेच्या) छत्राखाली चालणाऱ्या मराठी शाळांनी आणि पालकांनी मराठीला हायस्कुलाचे क्रेडिट मिळावे म्हणून कितीतरी डिस्ट्रिक्टांशी पत्रव्यवहार केला, अभ्यासक्रम लिहून दिले, बैठका घेतल्या, आणि अनेक ठिकाणी ते मिळवलेही. प्रमाणित परीक्षा देऊन मराठीतले प्रावीण्य सिद्ध केलेल्या मुलाची भाषेची अट न्यू जर्सीसारख्या राज्यात पुरी होऊ शकते. कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये कायद्याने सुरू केलेली आणि आता देशभर पसरलेली द्वैभाषिकतेची शासकीय मोहोरही त्याला हायस्कुलाच्या दाखल्यावर मिळू शकते. लॅटिन शिकलेल्या मुलालाही ती वाचनाच्या परीक्षेवरून मिळते. ज्याची मराठी अशी मान्य झाली आहे, त्याला लॅटिन हे निव्वळ आवडीने घेता येते. मराठी शाळांनी लॅटिनला प्रतिस्पर्धी मानू नये. एका भाषेचे व्याकरण ज्याने नीट समजून घेतले तो दुसरीकडे अधिक आदराने पाहतो, असा माझा रविवारच्या वर्गातला अनुभव आहे. विभक्तीचे प्रत्यय शिकवताना लॅटिनवाली मुलेच आधी हात वर करतात.

आपल्याकडून मला जे हवे आहे ते आता स्पष्टपणे मांडते. पालकांनी मुलाला लॅटिन घ्यायचे असेल तर अडवू नये, आणि त्याला ठाऊक नसेल तर तो पर्याय त्याच्यासमोर ठेवावा. पहिल्या वर्षाच्या वर्गात आपल्या समाजातून आलेली पाच नावे तो वर्ग वाचवू शकतात. मंडळांनी जानेवारीत विषयनिवडीची जी मार्गदर्शन सत्रे होतात, त्यांत हा विषय घ्यावा आणि लॅटिन शिकलेल्या मोठ्या मुलांना तिथे बोलवावे. बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या सभेत नागरिकांना बोलण्यासाठी बहुधा तीन मिनिटे मिळतात. त्या तीन मिनिटांसाठी आपण क्रिकेटचे मैदान आणि दिवाळीची सुट्टी मागायला गेलो आहोत, आणि दिवाळीची सुट्टी अनेक डिस्ट्रिक्टांत मिळाली आहे. आपल्या म्हणण्याला वजन आहे, हे त्यावरून सिद्ध झालेले आहे. ते वजन आता अशा एका मागणीमागे लावावे जिचा लाभ आपल्यापेक्षा इतरांच्या मुलांना अधिक होईल.

बोर्डापुढे मागणी करताना ती नेमकी करावी. पहिल्या वर्षाचा लॅटिनचा वर्ग सलग तीन वर्षे तरी किमान संख्येच्या अटीतून वगळावा, म्हणजे एखाद्या कमी नोंदणीच्या वर्षाने संपूर्ण साखळी तुटणार नाही. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये दोन किंवा अधिक हायस्कुले आहेत आणि लॅटिन एकातच आहे, तिथे एका पूर्णवेळ शिक्षकाने दोन्हीकडे शिकवावे. अर्धवेळ नोकरीसाठी कोणी चांगला शिक्षक येत नाही, हे अधिकाऱ्यांनाही माहीत आहे. लहान डिस्ट्रिक्टांसाठी व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांचा दाखला द्यावा, जिथे राज्याच्याच ऑनलाइन पब्लिक शाळेतून लॅटिन शिकता येते. समोर बसून शिकवणाऱ्या शिक्षकाची सर त्याला येत नाही, तरी काहीच नसण्यापेक्षा ते पुष्कळ बरे. मिडल स्कुलात सर्व मुलांना, गिफ्टेड (विशेष हुशार मुलांच्या) वर्गाची अट न लावता, काही आठवड्यांचा लॅटिनचा परिचय द्यावा, कारण जी भाषा कधी कानावरच पडली नाही ती चौदा वर्षांचे मूल यादीतून निवडणार नाही. आणि लॅटिनचे शिक्षक निवृत्त होणार असतील तर त्यांची जागा भरण्याची जाहिरात त्यांच्या निरोप समारंभापूर्वी निघावी.

शिक्षक मिळत नाहीत हे उत्तर तुम्हाला हमखास मिळेल. त्यावर माझे म्हणणे असे की, ज्या हायस्कुलांतून लॅटिन जाते त्याच हायस्कुलांतून उद्याचे लॅटिनचे शिक्षक यायचे असतात. आपल्या मुलांपैकी एखादीला किंवा एखाद्याला हे काम करावेसे वाटले तर त्यालाही घरातून पाठिंबा मिळावा, अशी माझी इच्छा आहे.

आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये लॅटिन कोणत्या शाळेत आहे, कोणत्या वर्षापासून नाही आणि यंदा किती मुलांनी ते मागितले, ही माहिती प्रत्येक मंडळाने आपापल्या शाळा प्रशासनाकडे लेखी मागावी. ही माहिती त्यांच्या नोंदींत असेल तर ती देणे त्यांच्यावर सहसा बंधनकारक असते. विषयनिवडीचे अर्ज काउन्सेलरकडे जाण्यापूर्वी ती हाती आली, तर मिडल स्कुलातल्या पालकांपर्यंत ती पोहोचवण्याचे काम आमच्या मराठी शाळेतील काही पालक आनंदाने करतील.

आपली नम्र,
एक पालक आणि मराठी शाळेतील शिक्षिका,
न्यू जर्सी